खानदेशी कापसाची अमेरिकेवर स्वारी

श्री. सकल वाचक मंडळीस विदित व्हावे जे, बहरैन बेटी, मनामा शहरी, उम्म अल हस्सम नामे वस्तीत, एका इमारतीचे तिसरे मजल्यावर शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले, त्याचे बोलणे लोकांत भलतेच जाहले. कोणी म्हणे म्हाताऱ्याने अमेरिकेशी कज्जा मांडिला, कोणी म्हणे दूरचित्रवाणी फोडिली. ऐशियास खरी हकीकत लिहिली न जाईल तर पुढिलांस संशय राहील, म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता लिहितो. अवधान असावे.

राजश्री सदानंदराव भंगाळे, मूळ ठिकाण यावल, प्रांत खानदेश. तेथील विद्यालयी चौतीस वर्षे इतिहासाचा कारभार चालवून निवृत्त जाहले. वय चौऱ्याहत्तर, नजर साबूत, डावा कान मात्र फितूर. दोन वर्षांमागे कुटुंब अरुणाबाई निवर्तल्या आणि घरी बोलावयास भिंतींखेरीज कोणी उरले नाही. मग चिरंजीव सलीलराव, जे बहरैनी एका बँकेत हुद्देदार होते, त्यांनी तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा करोन तीर्थरूपांस आणविले. सून तेजस्वीबाई, माहेर पुणे, एका इस्पितळाचे कचेरीत कामास. दिवसभर विमा कंपन्यांस फोन लावावा, तासतास तिष्ठत राहावे आणि रुग्णांची मंजुरी पदरात पाडून घ्यावी, हा त्यांचा नित्य संग्राम.

सेवेत उणे काही नव्हते. थालीपीठ होते, एसी होता, मऊ बिछाना होता. परंतु पुत्र व सून प्रातःकाळी कूच करीत ते दिवेलागणीस परतत, आणि सदानंदरावांनी काही सांगावयास आरंभ केला की सलीलराव मोबाइलात पाहोन "हं" इतकाच जबाब देत. ज्यांचे एका शब्दासरशी साठ मुले वह्या उघडीत, त्यांस आता खालील कोल्ड स्टोअर नामे किराणा दुकानी दूध मागण्यापुरतेच तोंड उघडावे लागे, आणि तेथेही दुकानदार शब्दाची वाट न पाहता पिशवी पुढे करी.

ऐसे असता सदानंदरावांस दूरचित्रवाणीवर एका अमेरिकी वाहिनीचा शोध लागला. तिजवर नाच नाही, गाणे नाही. तेथील सभांतील वादविवाद अथपासून इतिपर्यंत दाखवावे, खुर्चीतून कोणी उठला तर रिकामी खुर्चीही दाखवावी, आणि शनिवारी पंडित बसवून पूर्वजांची हकीकत सांगावी, हा तिचा परिपाठ. उभयतां पतिपत्नींस ती वाहिनी पाहता पाच पळांत निद्रा येई. सदानंदराव मात्र पाठ ताठ करोन, वही मांडीवर घेऊन बसत आणि मुद्दे उतरवीत.

कार्तिक वद्य एकादशी, शनिवारी, अमेरिकेतील यादवी युद्धावर चार शनिवारांची व्याख्यानमाला सुरू जाहली. बहरैनी सायंकाळचे पाच वाजले म्हणजे अमेरिकेत प्रातःकाळ होई आणि पंडितास जगभरातून फोन करोन सवाल करावे, ऐशी मुभा होती. त्या दिवशी पंडित बोलता बोलता म्हणाले जे, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडला तेव्हां विलायतेच्या गिरण्यांनी तो दुसरीकडून आणविला. इतके बोलोन ते पुढील प्रकरणास गेले.

सदानंदरावांची लेखणी थांबली. एल्सव्हेअर. दुसरीकडून. ज्या कापसाने खानदेशच्या बाजारी गाड्यांच्या रांगा लागल्या, मुंबई बंदरी गलबते तुंबली, आणि जो पाठ त्यांनी दर वर्षी दोन तासिका खर्चून शिकविला, त्यास नाव नाही, गाव नाही. मग सदानंदराव उठले, खिडकीपाशी गेले, परत आले आणि मनाशी निश्चय केला जे, या शब्दाचा जाब विचारल्याशिवाय मुलुखी परतणे नाही. व्हिसाची मुदत मार्गशीर्ष वद्यात सरत होती. हाती शनिवार तीनच होते.

पहिली स्वारी मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेस निघाली. सदानंदरावांनी पडद्यावरील क्रमांक वहीत उतरविला आणि मोबाइलावरून चाल केली. त्रेसष्ट वेळा फोन लाविला, त्रेसष्ट वेळा लाइन व्यस्त. ओहायोचे लोक आत शिरले, टेक्ससचे शिरले, एक गृहस्थ तर आपले कुत्र्याविषयी बोलोन गेले. खानदेशची फौज वेशीबाहेरच राहिली. तेजस्वीबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी आकडे लावणारे बोट पाहिले, आणि सासरे गावी कोणास फोन करितात ऐसे समजोन निघोन गेल्या.

दुसरी स्वारी शुद्ध नवमीस. त्या दिवशी अवचित दरवाजा उघडला. वाहिनीचे फोन घेणाऱ्या पहारेकऱ्याने नाव पुसिले, गाव पुसिले, बहरैन ऐकोन किंचित थांबला आणि थांबून राहावे ऐसे सांगितले. चाळीस मिनिटे सदानंदराव उभेच राहिले, कारण बसोन अमेरिकेशी बोलणे त्यांस बेअदबी वाटली. मग सूत्रधाराचा आवाज आला जे, बहरैनहून सदानंद, बोला.

येथे घात जाहला. फोन डावे कानी होता. दूरचित्रवाणीचा आवाज चढलेला, आणि अमेरिकेहून येणारे चित्र काही पळे मागे. सदानंदरावांनी "गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड सर" ऐसा प्रारंभ केला, आणि तितक्यात पडद्यातून त्यांचाच आवाज "गुड मॉर्निंग" म्हणाला. कोणी अभिवादन केले ऐसे मानोन त्यांनी उलट अभिवादन केले. सूत्रधार विनवू लागले, "सर, प्लीज टर्न डाउन युवर टेलिव्हिजन." डाव्या कानाने टर्न आणि टेलिव्हिजन एवढेच आत घेतले. सदानंदरावांनी रिमोट उचलोन आवाज दुप्पट केला. घर दणाणले. सूत्रधारांनी दिलगिरी दर्शविली आणि नेब्रास्काचे बाईस पाचारण केले.

सलीलराव दारी उभे राहोन सर्व पाहत होते. त्यांनी पुढे येऊन दूरचित्रवाणी बंद केली आणि बोलिले, "बाबा, आता पुरे. जगभर दिसतं हे. तुमचं इंग्रजी त्यांना कळत नाही आणि त्यांचं तुम्हाला. उगाच हसं होतंय."

सदानंदरावांनी "बरं" म्हटले. आजवर दहा हजार मुलांनी त्यांचे ऐकिले होते, त्यांत हा एक होता, पहिल्या बाकावरचा. ते खोलीत गेले, कपाटावरील बॅग काढली आणि सदरे घड्या करोन आत ठेवू लागले.

दुसरे दिवशी रविवार, कामाचा दिवस. तेजस्वीबाई चावी घ्यावयास परतल्या तो त्यांस ती भरलेली बॅग दिसली. परतीस अद्याप दहा दिवस होते. त्यांनी पुसिले, "बाबा, हे काय? आत्तापासून?"

सदानंदराव म्हणाले, "काही नाही गं. आवरून ठेवलेलं बरं."

तेजस्वीबाई बिछान्याचे काठी बसल्या, कचेरीस उशीर होतो याची पर्वा न करिता, आणि हळूहळू सारी हकीकत काढून घेतली. कापूस, यादवी, आणि तो एक शब्द. सर्व ऐकोन त्यांनी हातातील चावी बाजूस ठेविली. मग म्हणाल्या, "मलाही इथे सगळे विचारतात, व्हेअर इन इंडिया? मी पुणे म्हणते, तर म्हणतात, म्हणजे मुंबईजवळ कुठेतरी. त्या कुठेतरीचा मला फार राग येतो." आणि तेथेच त्यांनी मोहिमेचे सेनापतिपद स्वीकारिले. फोनवर तिष्ठत राहणे आणि मंजुरी घेतल्याखेरीज न सोडणे, या विद्येत त्यांचे तोडीचा योद्धा त्या बेटावर नव्हता.

सासऱ्यांस सवे घेऊन त्या निघाल्या आणि मसलत खाली मोटारीतच सुरू जाहली. तेजस्वीबाईंस रोज कचेरीस पोहोचविणारा गुंडू, मालवणकडील टॅक्सीवाला, जुफैर भागी अमेरिकी आरमाराचे लोक वर्षानुवर्षे वाहोन त्यांची भाषा व स्वभाव जाणून होता. त्याने आरशातून सदानंदरावांकडे पाहोन सल्ला दिला जे, "काकानू, ते लोक लांबण ऐकनत नाय. पयलो मुद्दो सांगूचो, कथा मगे. आनी रिस्पेक्टेड बिस्पेक्टेड नको."

हा घाव सदानंदरावांस जिव्हारी लागला, कारण प्रस्तावनेविना त्यांनी आयुष्यात एकही तासिका घेतली नव्हती. तरी सेनापतींचा हुकूम जाहला. मग सहा दिवस, सायंकाळी, स्वयंपाकघरी तालीम चालली. तेजस्वीबाई कणीक मळीत सूत्रधार होत, सदानंदराव फ्रिजपाशी उभे राहोन बोलत. प्रथम दिवशी भाषण नऊ मिनिटांचे होते. मंगळवारी चार मिनिटे. मोहेंजोदडो काढिले, ईस्ट इंडिया कंपनी काढिली, गुरुवारी स्वतःची पदवीही काढिली. शुक्रवारी चार वाक्ये उरली, आणि ती सदानंदरावांस ऐशी काही आपली वाटू लागली की झोपेतही ती ओठांवर येत.

इकडे सलीलरावांनी वेगळाच बेत केला होता. त्यांचे वरिष्ठ अहमदसाहेब, बहरैनचे रहिवासी, यांनी शनिवारी झल्लाक येथील किनाऱ्यावर जेवणास बोलाविले होते, सहकुटुंब. सलीलरावांनी घरी येऊन फर्मान सोडिले. तेजस्वीबाईंनी ते वाचण्याआधीच परत पाठविले.

"तू जा. मी बाबांबरोबर थांबतेय."

"तेजू, साहेबांनी बोलावलंय. एका फोनसाठी?"

"हो, एका फोनसाठी."

सलीलराव रुष्ट जाहले आणि शनिवारी दुपारी एकटेच मोटार घेऊन पश्चिमेस गेले.

तो दिवस मार्गशीर्ष वद्य द्वितीया. मालेचा शेवटला भाग. तेजस्वीबाईंनी मोर्चे बांधिले ते ऐसे की, तीन मोबाइल जेवणाचे मेजावर मांडिले आणि दूरचित्रवाणीचा आवाज मुळापासून बंद केला. सदानंदरावांस खुर्चीवर बसविले व फोन उजवे कानी धरावा ऐशी ताकीद दिली. मग पाचाचे ठोक्यास तिन्ही फोनांवरून एकदम हल्ला चढविला. अठरावे खेपेस मधला फोन लागला. पहारेकऱ्याशी तेजस्वीबाई स्वतः बोलल्या, नम्रपणे आणि न हटता, जैशा त्या विमा कंपनीशी बोलत, आणि गेल्या वेळचे गृहस्थ हेच असून आज आवाज बंद केलेला आहे, ऐसे स्वच्छ सांगितले. पहारेकरी हसला. थांबण्यास सांगितले.

त्रेपन्न मिनिटे गेली. कार्यक्रमाची सात मिनिटे उरली. फोन धरोन अवघडलेला सदानंदरावांचा हात तेजस्वीबाईंनी खालून उचलोन धरिला. तेव्हां आवाज आला, बहरैन, बोला.

सदानंदराव बोलिले, "सर, यू सेड कॉटन केम फ्रॉम एल्सव्हेअर. दॅट एल्सव्हेअर हॅज अ नेम. इट इज खानदेश, इन इंडिया, अँड आय टॉट धिस टु चिल्ड्रन फॉर थर्टी फोर इयर्स. प्लीज, सर, टेल युवर स्टुडंट्स द नेम."

इतकेच. पडद्यावर पंडित चष्मा काढोन म्हणाले जे, सद्गृहस्थ खरे बोलतात, आम्ही ती बाजू एका शब्दात गुंडाळितो हे योग्य नव्हे, आणि ते नाव कृपया एकवार सावकाश उच्चारावे. सदानंदरावांनी वर्गात फळ्यापाशी उच्चारावे तैसे उच्चारिले. खा-न-देश. समुद्रापलीकडे पंडितांनी ते कागदावर लिहोन घेतले, आणि लिहिताना एकदा चुकोन खोडिले, हेही उभयतांनी डोळ्यांनी पाहिले. सूत्रधारांनी आभार मानिले. फोन बंद जाहला.

सदानंदराव म्हणाले, "चहा कर गं थोडा." आणि तेजस्वीबाई चहा न करिता तेथेच उभ्या राहोन डोळे पुसू लागल्या.

साडेसातास दारावरची घंटा वाजली. सलीलराव परतले होते, आणि त्यांचे मागे पांढऱ्या पायघोळ पोशाखात खुद्द अहमदसाहेब. घडले ते ऐसे की, झल्लाकी जेवण आटोपल्यावर सलीलरावांचे मन लागेना. त्यांनी चोरून मोबाइलावर ती वाहिनी लाविली, आवाज बारीक केला, तरी अहमदसाहेबांनी ऐकिला आणि पुसिले जे, हे बहरैनहून कोण बोलते. सलीलरावांनी क्षणभर विचार केला आणि कबूल केले की, माझे वडील. तेव्हां अहमदसाहेबांनी सांगितले जे, माझे आजे मोती घेऊन मुंबईस जात, त्या मुंबईविषयी मज सांगणारे आता घरी कोणी उरले नाही. यल्ला, चला, मला त्यांस भेटावयाचे आहे.

मग बैठक जाहली. सदानंदरावांस इतके इंग्रजी एकदम न साधे, म्हणोन सलीलराव दुभाषी बसले. सदानंदराव मराठीत सांगत, सलीलराव इंग्रजीत फिरवीत, अहमदसाहेब मान डोलावीत. कापूस कैसा मुंबईस आला, भाव कैसे आभाळास भिडले, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या कैशा निघाल्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर कैसे जाहले, ते सर्व ओघाने येऊ लागले. प्रस्तावनाही आली, मोहेंजोदडोही आले, कोणी हरकत घेतली नाही. आणि एके दिवशी अमेरिकेहून बातमी आली की युद्ध संपले, ऐसे सांगोन सदानंदराव, जुन्या सवयीने, वर्गाकडे पाहत थांबले.

सलीलराव भाषांतर करावयाचे विसरले. मोबाइल मेजावर पालथा पडला होता. ते पुढे सरकोन म्हणाले, "मग? मग काय झालं, बाबा?"

अहमदसाहेबांनी हात उंचावून खूण केली जे, माझी चिंता नसावी, आधी त्यास सांगावे.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष वद्य द्वितीया, मंदवासरे, मुक्काम उम्म अल हस्सम, सदानंदराव भंगाळे यांची संपूर्ण फत्ते जाहली. अमेरिका मुलुखी खानदेशचे नाव कागदी लागले. सेनापती तेजस्वीबाईंचा लौकिक वाढला. मुंबईचे पुढे काय जाहले ते सदानंदराव चिरंजीवांस सांगते जाहले, आणि चिरंजीव ऐकते जाहले. लेखनसीमा.