एंटविसलच्या हातचा जोड

अडतीस वर्षांत क्लिफर्ड एंटविसलच्या हातचा एकही जोड गळला नव्हता! रॉचडेल गावातल्या निम्म्या घरांचा गॅस त्याने जोडला होता, आणि उरलेल्या निम्म्यांचा कुणा गाढवाने, असं तो शपथेवर सांगे. असा माणूस सिगारेट सोडून वाफ ओढायचा व्हेप धरायला घाबरेल? छट्!

धरणं भागच होतं. रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता आणि लेकीने, बेथनीने, फोनवर ठणकावलं होतं, "बाबा, सिगारेटचा वास आला तर मेबल हातात मिळणार नाही. लांबून टाटा करायचा!" मेबल तीन महिन्यांची झाली तरी आजोबांनी तिला अजून एकदाही उचललं नव्हतं. हे त्याला फार लागलं होतं.

सोमवारी तो केरीच्या व्हेपच्या दुकानात हजर झाला.

"ही साधी टाकी घे, राजा," केरी म्हणाली. "आतली तापणारी तार कापसासकट तयार मिळते. जळली की फेकायची, नवी बसवायची. सिगारेटसारखं ओढायचं, आधी तोंडात, मग छातीत."

"तयार तार?" क्लिफर्डने तोंड वाकडं केलं. "आणि हे काय?"

"तो ड्रिपर. त्यात तार आपण वळायची, कापूस आपण भरायचा, वरून निकोटिनच्या रसाचे थेंब सोडायचे आणि वाफ थेट छातीत घ्यायची. मुरलेल्या लोकांचं काम आहे ते. तुझं नव्हे."

झालं! क्लिफर्ड ड्रिपर घेऊनच घरी आला.

तार त्याने अशी वळली की दागिना म्हणून बायकोला घालता आली असती. कापूस भरला, बटण दाबलं, जोरात ओढलं. रस घालायचाच राहिला होता! कोरडा कापूस जळला, घशाची भट्टी झाली आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला.

"मेला नाहीस ना?" ग्लेनिस, म्हणजे बायको, आतून ओरडली.

मंगळवारी त्याने रस घातला. भरपूर घातला! ड्रिपर सोफ्यावर आडवा ठेवला आणि सगळा रस हवेच्या भोकांतून गादीत गेला.

"गळलं!" ग्लेनिस म्हणाली.

"गळलं नाही, सांडलं! फरक असतो!"

बुधवारी सगळं जमलं. फक्त रस घेतला होता कडक निकोटिनचा, साध्या टाकीत हळूहळू ओढायचा. क्लिफर्डने तो ड्रिपरमधून छाती भरून घेतला. स्वयंपाकघर ढगात गडप झालं आणि तो जिन्यावर बसला. जिना गरगर फिरत होता. शेजारच्या मिसेस ऑर्मरॉडनी बंब बोलावला.

"आग कुठंय?" बंबवाल्याने विचारलं.

"छातीत," क्लिफर्ड कसाबसा म्हणाला.

"अरे, साधी टाकी घे की!" ग्लेनिसने हात जोडले. पण हरेल तो एंटविसल कसला? दोन दिवस त्याने तारा वळल्या आणि शनिवारी तो पुन्हा केरीपुढे उभा राहिला. शेवटी मधला मार्ग निघाला. टाकी, पण तार स्वतः वळायची!

"एवढं लक्षात ठेव," केरी म्हणाली. "रस भरताना ही खालची हवेची कडी बंद कर. नाहीतर तिथून रस येईल."

"हवेचं भोक बंद करू? मी?" क्लिफर्ड खवळला. "अगं बाई, हवा कोंडली की माणसं मरतात! अडतीस वर्षं घरोघरी हेच ओरडत आलोय!"

रविवारी चर्चच्या फाटकाशी त्याने टाकी स्ट्रॉबेरीच्या वासाच्या रसाने काठोकाठ भरली. हवा सताड उघडी! मग ती विजारीच्या खिशात टाकून तो आत गेला.

बाप्तिस्मा झाला, चहा-सँडविचला सगळे शेजारच्या हॉलमध्ये जमले. बेथनीने बापाची कॉलर हुंगली. मिश्या हुंगल्या. बोटं हुंगली.

"बाबा, खरंच सोडलीस?"

क्लिफर्डने आठवून पाहिलं. सोमवारपासून एकही सिगारेट नाही! तारा वळता वळता ओढायला सवड होती कुणाला?

बेथनीने मेबलला त्याच्या हातात दिलं. मेबलने त्याची मिशी धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने मांडीवरही आलं.

"अगंबाई! नातीनं आजोबांना भिजवलं की!" मिसेस ऑर्मरॉड ओरडल्या. सगळा हॉल हसला. क्लिफर्ड सगळ्यांत मोठ्याने हसला.

बेथनीने मेबलचा लंगोट चाचपला.

"पण हा तर कोरडा आहे."

मेबलवरच्या चाळीस नजरा आजोबांच्या विजारीवर सरकल्या. 'टाकी गळली', एवढे दोनच शब्द बोलायचे होते! ग्लेनिसने हवेत नाक वर केलं. स्ट्रॉबेरी. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

क्लिफर्डने मेबलला घट्ट धरलं आणि मान ताठ केली.

"वय झालं आता माझं," तो म्हणाला.

"होतं हो असं," मिसेस ऑर्मरॉडनी मायेने त्याला खुर्ची दिली. "आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं."

क्लिफर्ड त्या खुर्चीत ऐटीत बसला. लाज गेली होती, पण जोडाचं नाव राहिलं होतं!