टिपणीसकाका आणि भिंतीवरचा ऑस्ट्रेलिया

गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवारी, पन्नास हजार रुपयांचा चेक घेऊन आम्ही राजस्थानच्या वाळवंटातल्या ज्येष्ठांच्या एका वसाहतीत पोचलो. हजर तिघे: वसाहतीचा मॅनेजर राठौड, माझे शेजारी टिपणीसकाका आणि मी. राठौडने हसतमुखाने हात पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. ते त्याच्या बाजूने पुढे गेले, ऑफिसच्या दगडी भिंतीवर उजवा तळहात टेकवला आणि डोळे मिटून उभे राहिले.

राठौडने हळूच मला विचारलं, "अंकल की तबीयत ठीक है ना?"

मी म्हणालो, "एकदम ठीक. दीवार देख रहे हैं."

हे उत्तर मुंबईत मला बरेचदा द्यावं लागलं आहे. मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर माझं दार आणि समोर काकांचं. हा माणूस कुणाच्याही घरी गेला की चपला काढायच्या आधी भिंतीला हात लावतो. भिंत कोरडी लागली तर "झकास!" म्हणतो आणि मग यजमानांकडे बघतो. दमट लागली तर हात रुमालाला पुसून जाहीर करतो, "हवा लागलीय हो तुमच्या घराला." माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही सांताक्रूझला गेलो, तेव्हा मुलाचा पगार, शिक्षण, स्वभाव अशी माहिती मी काढत होतो. काकांनी दिवाणखान्याच्या चारही भिंती चाचपल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "श्रीकांत, भिंती कोरड्या आहेत. डोळे मिटून दे मुलगी." मुलगी दिली. सुखात आहे.

याचं मूळ काकांच्या नोकरीत आहे. मरोळच्या एका बिस्किट कारखान्यात पॅकिंग विभागात त्यांनी उभा जन्म काढला. पुड्यात हवा शिरते की नाही हे बघणं त्यांचं काम. दर तासाला एक बिस्किट कानाशी धरून मोडायचं. 'कट्' असा आवाज आला तर माल पास, नाही आला तर सगळी पेटी परत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कान निवृत्त झाला नाही. दिवाळीत आमच्याकडे आले की चकली आधी कानाशी जाते, मग तोंडात. माझी बायको स्वयंपाकघरात श्वास रोखून निकालाची वाट बघते.

माणसांचीही त्यांनी अशीच वर्गवारी केली आहे. जो शब्द पाळत नाही तो नरम. जो तोंडावर बोलतो तो कुरकुरीत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी करपलेले. मी सोसायटीचा खजिनदार, पै-पैचा हिशोब ठेवणारा. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "तू अजून पुड्यातच आहेस रे. फोडल्याशिवाय कळायचं नाही."

घरात आगपेटी थर्मासमध्ये. कपड्यांच्या कपाटात दिवसरात्र जळणारा विजेचा दिवा. प्रत्येक खिशात तांदळाची पुरचुंडी, ओल शोषायला. एकदा बँकेत त्यांनी खिशातून पासबुक काढलं आणि पुरचुंडी सुटून काउंटरभर तांदूळ पसरले. कॅशियर म्हणाला, "काका, अक्षता कशाला? लग्न आहे का कुणाचं?" काका म्हणाले, "तुझ्या नोटा दमट आहेत. आधी त्यांचं बघ."

असा हा ओलीचा वैरी, आणि याच्याच घराची भिंत ओली. दिवाणखान्यात, दिवाणाच्या बरोबर वर. पहिल्या मजल्यावरच्या परबमावशींची मोरी गळते आणि पाणी खाली उतरतं. मावशी मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, ते गेले. मुलगा कॅनडात. मराठी बोलता बोलता मालवणीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. तो डाग सुरुवातीला श्रीलंकेएवढा होता. मी मुलुंडला राहायला आलो तेव्हा मादागास्कर झाला होता. हल्ली ऑस्ट्रेलिया.

दर रविवारी सकाळी दहा वाजता काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात चार खारी बिस्किटं घेऊन वर जातात. जिन्यात आवाज घुमतो.

"परबबाई, तुमच्या मोरीने माझी भिंत खाल्ली!"

"येवा, बसा. चाय टाकतंय."

"मी चहा प्यायला आलो नाही. तक्रार करायला आलोय."

"तक्रार बसान करा. उभ्यान पाय दुखतत."

मग तासभर वरून भांडणाचा आवाज येतो. मोरी, भिंत, कॅनडातली थंडी, माशांचे भाव. खारी मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही, पण मोडली जात असणार. काका खाली येतात ते दमलेले आणि ताजेतवाने. "बाई ऐकतच नाही," असं मला सांगून दार लावून घेतात.

काकू जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगी मुग्धा बेंगळुरूला असते. गेल्या पावसाळ्यात काकांना खोकल्याने धरलं तो दिवाळीपर्यंत सुटेना. डॉक्टरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मुग्धा म्हणाली, माझ्याकडे या. काका म्हणाले, बेंगळुरूलाही रिमझिम असते. तेव्हा तिने ही वाळवंटातली वसाहत शोधून काढली. पाऊस नावाला, हवा कोरडी ठणठणीत, डॉक्टर आवारातच. काका माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले ते नाचायचेच बाकी होते. "श्रीकांत, वाच! ओल नाही! हवेतच नाही रे!"

मुग्धाने मला फोन केला. "श्रीदादा, तुम्ही सोबत जा. आकडे नीट बघा. योग्य वाटलं तर बाबांना तिथेच चेक देऊ दे. पुढचा पावसाळा त्यांनी त्या घरात काढायला नको." आवाजात काळजी होती. मी हो म्हटलं.

निघताना काकांनी घराची किल्ली परबमावशींच्या हातात दिली. "भिंतीवर लक्ष ठेवा."

"भिंत खय पळान जातली?" मावशी म्हणाल्या. मग किल्ली पदराच्या टोकाला बांधत, "कायमचा जातलात काय?"

"बघू. आवडलं तर."

"मगे बरां," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. त्या दिवशी त्यांनी काकांना एकही टोमणा मारला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

तर आता वाळवंटात. जागा खरोखर उत्तम होती, हे मी आधीच नोंदवतो. जाड दगडी भिंतींची, एकमेकांपासून सुटी बैठी घरं, प्रत्येकापुढे ओटा. मी खर्चाचा प्रत्येक आकडा दोनदा विचारला, राठौडने दोन्ही वेळा तोच सांगितला. छुपं काही नव्हतं. काका मात्र वेगळ्याच परीक्षेत गुंतले होते. त्यांनी आगपेटी मुद्दाम दुपारभर ओट्यावर उघडी ठेवली आणि संध्याकाळी काडी ओढली. पहिल्या झटक्यात पेटली. ती बोटाला चटका बसेपर्यंत धरून ते माझ्याकडे बघत राहिले. जेवताना पापड कानाशी नेऊन मोडला. शेजारच्या दोन टेबलांवरची मंडळी वळून बघू लागली.

"ऐकलंस? हा आवाज मी कारखान्यातसुद्धा ऐकला नव्हता!"

जेवणानंतर त्यांनी खिशांतल्या सगळ्या पुरचुंड्या सोडून तांदूळ ओट्यावर पाखरांना टाकले. फक्त चेकबरोबरची एक ठेवली. मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस मुलुंडला फक्त सामान आवरायला येणार.

रविवारी सकाळी चेंबूरचे नाडकर्णी आम्हाला बाहेर फिरायला घेऊन गेले. बँकेतून निवृत्त, दोन वर्षांपासून इथे. कुंपणाचं फाटक ओलांडलं की वाळवंटच सुरू होतं. वाळूवर वाऱ्याने रात्रभर बारीक घड्या घातलेल्या होत्या आणि त्यांवर फक्त एका कोल्ह्याची पावलं गेली होती. लांब लांब अंतरावर खेजडीची झाडं, एकेकटी. तळ्याकाठी थंडीपुरते आलेले शेकडो करकोचे उभे होते आणि त्यांचा कलकलाट चालला होता. टेकडीच्या उतारावर एक चिंकारा हरीण उभं होतं. आम्हाला बघून ते दोन उड्यांत नाहीसं झालं. एवढं मोकळं आकाश मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काही वेळ मीसुद्धा मनातल्या मनात माझ्या निवृत्तीची गणितं केली.

"इथली खासियत सांगू?" नाडकर्णी म्हणाले. "शांतता. दोन वर्षांत माझं कुणाशी एकदाही वाजलं नाही."

काका थांबले. "एकदाही नाही?"

"वाजायला कारण काय? घरं सुटी. ना कुणाचं पाणी, ना कुणाचा आवाज. ज्याचं त्याचं आपलं छान चाललेलं असतं."

"मग रविवारी काय करता?"

नाडकर्णींना प्रश्न कळला नाही. "रविवारी? काही नाही. हे करकोचे बघतो. मार्चपर्यंत असतात."

"आणि मग?"

"मग जातात," नाडकर्णी म्हणाले आणि गळ्यातल्या दुर्बिणीची काच पुसू लागले.

परतलो तेव्हा दहा वाजायला आले होते. ज्या घरासाठी चेक द्यायचा ते राठौडने उघडून दिलं. काका आत गेले, भिंतींना हात लावला, मग मान वर करून छत बघत राहिले. पांढरं स्वच्छ छत, डाग नाही की चीर नाही.

"ऊपर कौन रहता है?" त्यांनी विचारलं.

राठौड हसला. "ऊपर तो आसमान है, अंकल."

"और कंप्लेंट करनी हो तो?"

"कंप्लेंट का मौका ही नहीं देंगे, सर!"

त्याने हे इतक्या अभिमानाने सांगितलं, आणि काकांचा चेहरा इतका उतरला, की मला दोघांचीही दया आली. काका ओट्यावर जाऊन बसले. मनगटावरचं घड्याळ बघितलं. खिशातून फोन काढला. कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"परबबाई, भिंत कशी आहे?"

"आत्ताच खाली जावन बघून इलंय. डाग वायच वाढलो हा."

"कुठल्या बाजूला? तस्मानिया निघाला का?"

"माका काय म्हायत तुमचो तस्मानिया? दिवाणाच्या बाजूक. जेवलात काय काल?"

"जेवलो. इथला पापड फार कुरकुरीत आहे."

"बरां. मगे ऱ्हवा थयच." पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाल्या, "सवयीन दोन कप चाय टाकलंय. एक गेलो फुकट."

काकांनी पुन्हा घड्याळ बघितलं. "ठेवतो. उगाच बिल वाढतं," म्हणाले आणि फोन ठेवला. तो फोन महिन्याला ठरावीक पैशांत कितीही वेळ करता येतो. ती योजना मीच त्यांना घेऊन दिली होती.

चेक दिला नाही. राठौडला सांगितलं, विचार करून कळवतो. परतीच्या गाडीत मी चिडलोच होतो. "काका, आकडे बरोबर, हवा बरोबर, डॉक्टर आहे. नडलं कुठे?"

"पापड जास्तच कडक आहेत रे. माझी कवळी."

"काका!"

"आणि त्या पक्ष्यांचा गोंगाट केवढा!"

मुग्धाला काय सांगायचं ते मी गाडीतच ठरवलं. काका राहणार असतील तर भिंत कोरडी झालीच पाहिजे. मुलुंडला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी भोईर प्लंबरला घेऊन परबमावशींकडे गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो. म्हटलं, "मावशी, आता नाही म्हणू नका. त्यांचा खोकला तुम्हाला वर ऐकू येत असेल. मोरी फोडावी लागेल."

"मी कधी नाय म्हटलंय?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तीनदा प्लंबर हाडलंय. तीनदाय टिपणीसांनी जिन्यातून परत धाडल्यानी. म्हणतत, पावसाळो जावंदे, गणपती जावंदे, घाई काय हा."

मी भोईरकडे बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "दोनदा तर मीच आलो होतो साहेब."

मी समोरच्या दारी गेलो. काकांना काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "काका, उद्यापासून काम सुरू करतोय. तुमच्या खोकल्याच्या काळजीने मुग्धा तिकडे झोपत नाही."

त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कर. तू आता ऐकायचा नाहीस."

काम आठ दिवसांत झालं. मोरीच्या लाद्या बदलल्या, आतले जुने गंजके पाइप काढले, खाली भिंत खरवडून रंग दिला. खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा माझ्याकडे जमा केला. खोकला हळूहळू कमी झाला.

भिंत सुकल्यानंतरचा पहिला रविवार. दहा वाजले. काकांचं दार उघडं होतं आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून दिवाणावर बसले होते. तळहात भिंतीवर. खारीची पुडी बाजूला, न फोडलेली. मी दारातून विचारलं, "कोरडी आहे ना?"

"झकास," ते म्हणाले. आवाज नरम होता.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली. सगळ्या इमारतीने ऐकली.

"ओ टिपणीस! माझो नळ गळता हा! टपटप, टपटप! बघूक येवा!"

काका ताडकन उठले. "बघितलंस? नवीन काम आणि लगेच गळती! या बाईला घर सांभाळताच येत नाही!" पुडी काखेत मारून, दार उघडंच टाकून ते जिना चढू लागले. वरून बशीचा आवाज आला.

मी त्यांचं दार ओढून घेतलं. भोईरला चौदा हजार दोनशे रुपये मीच माझ्या हाताने दिले होते. त्यात मजुरी होती, लाद्या होत्या, रंग होता आणि परबमावशींच्या घरातले सगळेच्या सगळे नवे नळ होते.