दैनिक उत्पादन पाऊण वाटी

सरकारी नोकराला स्वतःची मोटार घरी दुरुस्त करायची असली तरी आधी रजा लागते, आणि रजेला कारण लागतं. सौंसरच्या गुणवंताबाबूंनी कारण दिलं. पुढचं सगळं त्या कारणानं झालं. मोटारीचा त्यात फारसा दोष नव्हता.

मोटार हिरवी, एकोणीस वर्षांची, आणि चालू केली की ऑईल गाळायची. कुठून गळतं, ते बाबूंच्या बायकोनं, यमुनेनं, शोधलं. इंजिनाच्या डोक्यावर पातेल्यासारखं एक झाकण असतं. त्याखालची कॉर्कची पॅकिंग वाळून फुटली होती. यमुनेला मोटारीचं कुणी काही शिकवलं नव्हतं. पण उतू जाणाऱ्या वरणापुढे वीस वर्षं काढलेल्या बाईला झाकणाचा स्वभाव कळतो. नवी पॅकिंग तिनं नागपूरच्या बसच्या कंडक्टरकरवी मागवलीसुद्धा. काम एका सकाळचं होतं.

घाई होती ती यमुनेच्या आईसाठी. मोहगावात अंबाबाई मांडीपासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर घालून खाटेवर पडली होती. येत्या सोमवारी नागपूरचे डॉक्टर ते कापणार होते, आणि मंगळवारी महिनाभरासाठी परगावी जाणार होते. ताठ पाय बसच्या दारातून वळत नव्हता. म्हातारीला टपावर बसवावं, असं कंडक्टरनं सुचवून पाहिलं होतं. प्लास्टरच्या आत खाज सुटली की अंबाबाई विणायची सुई आत सारायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सोमवार किती दूर आहे ते विचारायची.

बाबूकडे मोटार कशी, हा प्रश्न साहेबांना पडू नये म्हणून गुणवंताबाबूंनी अर्जात मोटारीचं नाव घेतलं नाही. विचार मराठीत करायचा आणि अर्ज हिंदीत लिहायचा, ही हिंदी राज्यात पडलेल्या आमच्या मराठी भागाची रीतच. त्यांनी लिहिलं, ‘प्रार्थी के आंगन में दो माह से तेल निकल रहा है। बंद करने हेतु मंगलवार का अवकाश दिया जाए।’

साहेब दूर उत्तरेकडून बदलून आलेले. त्यांनी शेरा मारला : रजा नामंजूर. तेल बंद करू नये. खनिज शाखेस तात्काळ कळवावे.

मंगळवारी यमुना पाना घेऊन मोटारीचं बॉनेट उघडते न उघडते तोच एक निरीक्षक, एक पटवारी आणि दोरीचं एक भेंडोळं अंगणात आलं. निरीक्षकानं मोटारीखाली पाहिलं. जमीन काळी आणि ओली होती.

“अजी साहेब,” यमुना म्हणाली, “हे वरून गळून राहिलं. खालून नाही निघून राहिलं.”

निरीक्षकानं तिला अदबीनं समजावलं की, तेल कोठे आढळले एवढाच रकाना असतो. वरून की खालून, असा नसतो. तेल जमिनीवर आढळलं होतं. पंचनामा झाला. जागेवर एक हिरवी वस्तू, चाके चार, अशी नोंद झाली आणि कोणतीही वस्तू हलवू अथवा उघडू नये, असा हुकूम देऊन भोवती दोरी बांधली गेली. पॅकिंग यमुनेच्या हातातच राहिली.

तिनं नवऱ्याला कचेरीत जाऊन खरं सांगायला सांगितलं. गुणवंताबाबूंनी आधी दार लावून घेतलं.

“चूप राह्य वो. खरं सांगतलं तं खोटा अर्ज देल्ला म्हणून सस्पेंड करतीन. खोटं राहू देल्लं तं अर्ज खरा हाये.”

बुधवारी ठिबकणाऱ्या तेलाखाली ताटली ठेवून मोजणी झाली आणि ‘दैनिक उत्पादन पाऊण वाटी’ असं जिल्ह्याला कळवण्यात आलं. गुरुवारी ताटली कोरडी. आधी साचलेलं ठिबकून संपलं; उभ्या मोटारीतून आणखी किती गळणार? जिल्ह्याहून विचारणा आली : उत्पादन शून्य का, खुलासा करावा. खुलासा करण्यापेक्षा उत्पादन करणं सोपं, हे बाबूंना नोकरीत कळलेलं होतं. हलवायला-उघडायला बंदी होती, ओतायला आणि चालू करायला नव्हती. शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्यांनी डबाभर ऑईल इंजिनात ओतलं आणि तासभर मोटार जागेवर घुरघुरत ठेवली. वरून ओतलेलं तेल खाली सरकारी मापानं मोजलं गेलं. पाऊण वाटी पूर्ण झाल्यावर निरीक्षकानं समाधानानं लिहिलं : वस्तू चालू केली असता तेल येते, बंद केली असता येत नाही. सबब, सदर हिरवी वस्तू पंप आहे.

यमुनेनं ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. मोहगावहून त्याच दिवशी निरोप आला होता, की म्हातारीची सुई आत अडकली.

शनिवारी सकाळी ती चूल विझवून बसली आणि नवऱ्याच्याच कागदावर, नवऱ्याच्याच हिंदीत तिनं अर्ज लिहिला : शासकीय तेलावर गुणवंता नावाचा इसम खाजगी पंप चालवीत आहे. पंप ताबडतोब हटवावा. खाली सही : एक जागरूक महिला.

पाच दिवसांत कुणाचं ऐकून न घेतलेल्या कचेरीनं दोन तासांत हुकूम काढला. चार शिपायांनी घामाघूम होत मोटार रेटत रस्त्यावर आणून सोडली आणि पुन्हा आत आणल्यास कारवाई होईल, अशी गुणवंताबाबूंना तंबी दिली.

यमुनेनं रस्त्यावरच झाकण काढलं, उलथन्याच्या टोकानं जुनी पॅकिंग खरवडली, घासलेटानं कडा पुसल्या, नवी पॅकिंग बसवली आणि नट एकेक करून सारखे आवळले. पाऊण तास लागला. बघायला कुणी थांबलं नाही. सगळे आत अंगणातली जमीन बघत होते.

सोमवारी अंबाबाई मागच्या सीटवर आडवी, पाय खिडकीबाहेर, अशी थाटात नागपूरला गेली. प्लास्टर निघालं, सुई निघाली. वाळक्या, पांढऱ्या पायाला म्हातारीनं बोट लावून पाहिलं.

“हा माहाच हाये का वो?” तिनं विचारलं.

आईला घेऊन यमुना परतली तेव्हा तिच्या दारापासून बाजारापर्यंत रांग लागली होती. पंप हटवल्यामुळे तेल येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे आत शिल्लक होतं. ते आहे, याची जनतेकडून खात्री करून घेणं चालू होतं. लोधीखेड्याचे भगवंतराव, संत्र्याच्या बागेतलं काम टाकून आलेले, दारात रजिस्टर घेऊन बसले होते. येणाऱ्याला चिमूटभर माती हुंगायला देत, सही घेत. उद्या निघणाऱ्या तेलाच्या कारखान्यात नोकरीसाठीची यादीही त्यांच्याच मांडीवर होती, आणि तिच्यात पहिलं नाव त्यांच्या नातीचं, छायाचं. मॅट्रिक झाल्यापासून घरी बसलेली.

स्वतःच्या घरात शिरायला यमुनेला रांग धरावी लागली. तेलाची माती तिनं शनिवारी रात्रीच खरडून फेकली होती आणि जागेवर राख पसरून शेणानं सारवलं होतं.

“पाहा बरं, येते का वास?” भगवंतरावांनी चिमूट पुढे केली. मागे चाळीस माणसं उभी होती, आणि रजिस्टरात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता.

यमुनेनं हुंगलं. शेणाचा वास होता.

“येते जी,” ती म्हणाली, आणि सही केली.

तुम्ही त्या वर्षी सौंसरला गेला असाल तर त्या रजिस्टरात आपलं पान पाहून घ्या. गेला नसाल, तरी पाहा. तसलं रजिस्टर तुमच्या गावातही कुणाच्या तरी मांडीवर असेल, आणि त्यात तुमची सही असेल.