अकरा घरांचा सपोर्ट

"या मांडवाला एकाही जादा सपोर्टची गरज नाही!" हर्षलानं टेप गुंडाळत अंगणभर जाहीर केलं.

पोरगी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. सहा बांबू, आठ दोर, वर ताडपत्री. ताडपत्रीचं वजन किती, वाऱ्याचा जोर किती, दोर कुठल्या कोनात ताणायचे, सगळं तिनं वहीत मांडून ठेवलं होतं. पळसदरीच्या धरणाला आपल्या भिंतीची नसेल एवढी खात्री तिला या सहा बांबूंची होती!

मांडव तिच्या भावाच्या, स्वराजच्या हळदीचा. पण हर्षलाच्या दृष्टीनं पणाला वेगळंच काही लागलं होतं. गोठ्यामागं सुट्टीच्या पाहुण्यांसाठी एक खोली बांधायची होती. तिचा आराखडा हर्षलाला करायचा होता, आणि वडिलांचा, वाल्मिकचा, भरवसा गवंड्यावर होता. चार दिवस वाद झाला तेव्हा वडील म्हणाले, "असं कर, मांडव तू उभा कर. हळद लागेपर्यंत टिकला तर खोली तुझी. नायतर गवंडी."

सकाळी आठला चांगोकाका खांद्यावर बांबू घेऊन हजर झाला. भावकीतला सगळ्यात वडील माणूस. त्यानं मान तिरकी करून कोपऱ्यातला खांब पाहिला.

"हर्षे, खांब कललाय गं."

"दोनच बोटं, काका. पडणार नाही."

"पडंल का नाय ते पडल्यावर कळतं. सपोर्ट दे त्याला."

सपोर्ट! या शब्दाचं हर्षलाला भारी कुतूहल होतं. गावात तो मिठासारखा कुठंही पडायचा. पपई वाकली की सपोर्ट. सरपंचाला सपोर्ट. आमटी कमी पडली की आई तांब्याभर पाण्याचा सपोर्ट द्यायची. गुडघ्याच्या गोळीला सपोर्ट म्हणून सुंदराआत्या आणखी एक गोळी घ्यायची, आणि दुसऱ्या गोळीनं पोट बिघडलं की तिच्या सपोर्टला ओवा! हर्षलानं असे सतरा वापर टिपून ठेवले होते. अठरावा आता अंगणात येत होता.

पळसदरीतल्या या भावकीत लग्नघरी प्रत्येक घरानं एक बांबू आणायचा असतो. पूर्वी त्यातूनच मांडव उभा राहायचा. आता ताडपत्री आणि दोर कर्जतहून टेंपोनं येतात, तरी बांबू आणायची रीत राहिलीच.

"लाव गं कुठंतरी," आई, छाया, कानाशी पुटपुटली. "बांबू परत पाठवला तर त्या घराचं जेवणखाण बंद होतं आपल्याकडं."

हर्षलानं लावला. चांगोकाकाच्या बांबूनं कललेला खांब पलीकडं ढकलला. मग हिरूकाका आला, म्हणाला, "आता ह्या अंगाला झुकला की!" त्यानं आपला बांबू उलट बाजूनं लावला. नवशाकाकानं हिरूकाकाच्या बांबूला टेकू दिला. त्या टेकूला आणखी एक टेकू. अकरा घरं, अकरा बांबू! दहा वाजेपर्यंत मांडवात रानडुकरालाही वाट सापडली नसती.

सुंदराआत्या हळदीचं ताट घेऊन आली आणि दोन बांबूंमध्ये अडकली.

"अगं, नवरा कुठं हाय?"

"इथं हाय, आत्या! आत!" मधूनच स्वराजचा आवाज आला. पिंजऱ्यातल्या वाघासारखा तो पाटावर बसला होता.

"हळद लांबूनच फेकू का रं?"

बायका फिदीफिदी हसल्या. हर्षलानं मात्र शास्त्रीय उपाय काढला. तिनं एकेक बांबू हलवून पाहिला आणि ज्याच्यावर अजिबात भार नव्हता तो नेमका शोधला. अलगद उपसला.

"बघा! काहीसुद्धा झालं नाही!"

तो बांबू चांगोकाकाचा होता.

"म्हणजे माझ्या सपोर्टचा उपेग नव्हता म्हण की," चांगोकाका म्हणाला. बांबू खांद्यावर टाकून तो चालू लागला.

"थोरल्याचा नको तर आमचा कशाला?" हिरूकाकानं आपला ओढला. मग नवशाकाकानं. दहा मिनिटांत अकराही बांबू आपापल्या घरी, त्यांच्यामागं अकरा घरांची बायकापोरं!

मांडव कुरकुरला, डुलला... आणि उभा राहिला! कोपऱ्यातला खांब बरोब्बर दोन बोटं कललेला. सूतभरही जास्त नाही!

"बाबा, टिकला!" हर्षला ओरडली.

वडिलांनी खांब पाहिला. मग एकट्या बसलेल्या स्वराजकडं पाहिलं. मग तीनशे माणसांच्या जेवणाचे टोप पाहिले.

"टिकला खरा. पन हळद कोन लावणार? खांब?"

हर्षला तडक चांगोकाकाच्या ओटीवर गेली. खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं.

"काका, तुमच्या बांबूवर भार नव्हता, हे खरंच आहे."

चांगोकाकानं तोंड फिरवलं.

"पण तो काढला तेव्हा मांडव राहिला आणि माणसं गेली. माणसं गणितात धरायची राहिली माझी. चुकलं. बांबू घेऊन चला."

चांगोकाकानं बराच वेळ मिशी चोळली. "आनि लावायचा कुठं?"

"तुम्ही म्हणाल तिथं."

"पयला होता तिथंच! नेमका होता तो!"

चांगोकाका उठला तशी बाकीची दहा घरंही उठली. दुपारी बायकांनी वाकून, बसून, एकीनं तर चक्क रांगत जाऊन स्वराजला हळद लावली. बांबूंनाही लागली. वरून मांडव ढिम्म!

जेवणं उरकल्यावर वडील म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. खोली तुझी."

हर्षलानं ऐटीत वही उघडली. तेवढ्यात हळदीनं पिवळा झालेला चांगोकाका कुंपणावरून डोकावला. "खोली बांधताय? मंग आमी येतो सगळे. सपोर्टला!"

हर्षलानं वहीचं कोरं पान काढलं. मग तिनं भराभर रेघा ओढल्या.

"किती खांब धरलेस?" वडिलांनी विचारलं.

"पंधरा."

"येवढ्याशा खोलीला? गणितानं?"

"चार गणितानं," हर्षला म्हणाली.