नानांनी धुतलेली डाळिंबाची फुले

बारा जुलै, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. साक्रीजवळच्या आमच्या मळ्यात डाळिंबाच्या लालभडक फुलांवर जंतुनाशक मोरचुदाची निळसर साय बसली होती. माझे चुलते नाना पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बांधावर उभे होते. सगळे धुऊन टाकल्याच्या समाधानाने म्हणाले, “बठ्ठं धुई टाकं मी!”

धुणे हा नानांचा धर्म आहे. एसटीत चढण्यापूर्वी ते दांडा ओल्या फडक्याने पुसतात. केळे साबणाने धुतल्याशिवाय सोलत नाहीत. दह्यात जिवंत जंतू असतात, असे मी एकदा बोलून गेले; दुसऱ्या दिवशी त्यांनी दही उकळले, आणि ते फाटले म्हणून दूधवाल्याला झापले.

अशा माणसाच्या बागेत मला जंतू वाढवायचे होते. मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डाळिंबावर तेल्या रोग पडला की फळावर काळे डाग उठतात आणि ते तडकते. निरोगी फुलात मात्र काही निरुपद्रवी जंतू मुळातच वस्तीला असतात. ते मी वेगळे काढले, प्रयोगशाळेत वाढवले आणि चार दिवसांपूर्वी याच फुलांवर फवारले. त्यांनी आधी जागा धरली, तर रोगाच्या जंतूंना ती मिळणार नाही, हा माझा कयास. हा बहार गेला की प्रयोग थेट पुढच्या वर्षी.

नानांना समजावे म्हणून मी सांगितले होते, “एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे.” नानांनी मान डोलावली होती. ती मान मी संमती समजले.

“नाना, माझे जंतू फुलांवर होते! फुलोऱ्यात मोरचूद मारायचा नसतो, हे बांधावरची शेळीसुद्धा सांगेल!”

“जंतू ते जंतू! तेस्मा चांगला-वाईट काय रहास?”

“मी रुमालाचं सांगितलं होतं.”

“मंग रुमालबी धुई टाकात मी!”

मी संतापून एकेक झाड तपासत निघाले. वर्षभराचे काम या गृहस्थाने एका सकाळी धुऊन काढले होते, आणि वर ते शाबासकीची वाट पाहत होते. तेवढ्यात विहिरीकडचे एक झाड दिसले. त्यावर निळी झाक नव्हती.

“हे कसं सुटलं?”

“पंप रिता व्हई गया.”

मी पंप हलवला. आत औषध डुचमळले. नानांनी पाठ फिरवली.

“तुनी काकूना हातनं झाड शे ते,” ते विहिरीकडे बघत म्हणाले. “तिना हात कसा धुई टाकू?”

काकूंना जाऊन तीन वर्षे झाली आहेत.

नानांनी त्या झाडाचे एक फूल तोडले आणि घरात नेऊन काकूंच्या फोटोपुढे ठेवले. केळे साबणाने धुणाऱ्या माणसाने ते फूल धुतले नाही. नुसती फुंकरही घातली नाही.

एका झाडावर प्रयोग होत नाही. त्यावरून कोणी निष्कर्ष काढला, तर पहिला आक्षेप मी घेईन. नानांवरचा माझा राग आजही तसूभर कमी झालेला नाही. तरीही मी त्या झाडाची फुले मोजली आणि नोंद केली: नानांनी नेलेले धरून, त्रेचाळीस.