नक्षीच्या प्रोग्रॅमची पाठराखीण

शालिनीबाई भेंडी चिरत होत्या, तेव्हा येवल्याच्या विणकर संस्थेतून फोन आला, की त्यांच्या दिवंगत यजमानांनी, वामनरावांनी, लिहिलेला नक्षीचा प्रोग्रॅम नव्या संगणकात नांदायला तयार नाही, तरी माहेरचं कुणीतरी पाठराखीण म्हणून सोबतीला पाठवावं.

"तो काय नवरी आहे, भाऊजी?" त्यांनी व्यवस्थापक भांडगेंना विचारलं.

"सासरी आलाय म्हणजे झालं, वहिनी. जुना संगणक बंद पडला. नव्याचा गाभा, म्हणजे सगळा कारभार बघणारी आतली यंत्रणा, वेगळा; घरची रीत वेगळी. आज रुळला नाही तर त्याला पुसून बाजारच्या तयार नक्ष्या घ्यायचं ठरलंय."

वामनरावांचा मोर त्या प्रोग्रॅमखेरीज कुठेच नव्हता. शालिनीबाईंनी भेंडी तशीच झाकली, दोन साड्या पिशवीत घातल्या आणि निघाल्या.

संगणकासमोर त्यांच्यासाठी पाट मांडला होता. आत प्रोग्रॅम हटून बसला होता.

"मला दुसऱ्या कपाटातली चोच हवी. जुन्या घरी ती तिथेच असायची."

"आमच्यात कपाटं नसतात," गाभा म्हणाला. "एकच माजघर. सगळं त्यातच."

"मग मी मोर काढणार नाही."

शालिनीबाईंनी माजघरातल्या डाव्या फडताळातली चोच गाभ्याकडून मागून घेतली आणि प्रोग्रॅमपुढे धरली. "ही घे, दुसऱ्या कपाटातली."

"कपाट कुरकुरलं नाही ते?"

"तेल घातलंय."

"विहीणबाई, धडधडीत खोटं बोलताय," गाभा म्हणाला.

"तुमच्याशी नाही ना बोलले? तुम्ही फडताळच म्हणा. त्याला कपाट ऐकू येईल, तेवढं मी बघते."

गाभ्यानं विचार केला आणि मान्य केलं.

तुरा, पाय, पिसारा, सगळं असंच मागितलं आणि दिलं गेलं. दुपार कलली तसा माग हलला. पदरावर वामनरावांचा मोर उतरू लागला, मान किंचित मागे वळवलेला. जुन्या संगणकावर पिसाऱ्यातला हिरवा हटकून अडखळायचा. इथे तो सलग आला. विणकर आपापले माग सोडून बघायला आले. भांडगेंनी तयार नक्ष्या विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं आणि पेढे मागवले.

"असा मोर आमच्या घरात आजवर कुणी काढला नव्हता," गाभा चारचौघांत म्हणाला.

आता पाठराखिणीचं काम उरलं नव्हतं. शालिनीबाईंनी पिशवी उचलली.

"मालकीणबाई," प्रोग्रॅमनं हाक मारली, "मालक बघायला कधी येणार?"

"आधी दुसरा मोर काढ," त्या म्हणाल्या. तो लगेच कामाला लागला.

वामनराव गेले, हे त्याला सांगायचं राहून गेलं.