वैजनाथच्या तंबाखूसाठी प्रार्थना

रविवारची उपासना आटोपून घरी आल्यावर बब्रुवानराव कपडे न बदलताच मोबाईल घेऊन खाटेवर बसले. एसटीतून निवृत्त झाल्यापासून वेळ कसा घालवावा हा त्यांचा प्रश्न सुनेनं सोडवला होता. तिनं त्यांना ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं ‘कळंबची मंडळी’. आपला विश्वास, आपलं चर्च, आपली माणसं यांच्याविषयी बब्रुवानरावांनी लिहायचं आणि जगानं वाचायचं, असं ठरलं. त्यांनी आधी विश्वासावर लिहिलं, मग क्षमेवर. सुनेनं दोन्ही वाचलं.

आज मात्र त्यांना नवी कल्पना सुचली होती. कळंबच्या चर्चमध्ये रीत होती की उपदेश संपला की पाळकसाहेब विचारत, “कुणाची प्रार्थना विनंती आहे का?” मग एकेक जण उभं राहून आपलं गाऱ्हाणं सांगे. कुणाचा गुडघा, कुणाची न व्यालेली म्हैस, कुणाच्या नातवाचा गणिताचा पेपर. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत आणि चपला घालेपर्यंत विसरून जात. बब्रुवानरावांना वाटलं, एवढ्याशा मंडळीच्या प्रार्थनेनं म्हैस विते, तर जगानं प्रार्थना केल्यावर काय होईल?

“मामा, नावं तरी गाळा,” सून म्हणाली.

“नावं गाळून कसं चालंल? प्रार्थना कुणाच्या दारात पोचवायची, हे नको का सांगायला?”

त्यांनी सगळं नावानिशी लिहिलं. त्यात एक विनंती अशी होती: ‘वैजनाथभाऊ टेंपोवाले यांची तंबाखू सुटावी म्हणून त्यांच्या पत्नी दैवशालाबाईंची विनंती. पुडी उशाखाली ठेवून झोपतात. सर्वांनी प्रार्थना करावी.’

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला वैजनाथ दारात उभा.

“भाऊ, वाटोळं केलं तुमी माझं!”

“काय झालं रं?”

“परंड्याहून फोन आलाय. विरुपाक्षसाहेबांचा.”

विरुपाक्षसाहेब म्हणजे वैजनाथच्या अक्षदाचे होणारे सासरे. परंड्याच्या मंडळीचे पंच. शिस्तीचा माणूस. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी पोह्यांना हात लावायच्या आधी वैजनाथला विचारलं होतं, काही व्यसन?

“म्या सांगितलं, सुपारीचं खांड बी तोंडात टाकत न्हाय. आन् तुमी पार माझ्या उशापातूर पोचला!”

“आरं, पण खोटं तू बोललास की!”

“बोललो. लेकीसाठी बोललो. आता ते म्हनत्यात, विचार करून कळवतो. विचार करून कळवतो म्हंजी काय, ते काय तुमास्नी सांगाया पायजे? पोरगी सकाळधरनं जेवली न्हाय. तिला पोरगं लई पसंत हाय.”

बब्रुवानरावांचा चहा गार झाला. अक्षदा त्यांच्या मांडीवर खेळलेली पोर. लिहिलेलं पुसून काही उपयोग नव्हता, ते मोबाईलवरून मोबाईलवर कधीच परंड्याला पोचलं होतं. मग त्यांनी एकच उपाय केला. चष्मा लावला आणि नवीन लिहिलं: ‘प्रभूची स्तुती असो! वैजनाथभाऊंची तंबाखू सुटली.’

वैजनाथनं ते वाचलं. “सुटली?”

“व्हय.”

“पर कवा?”

“ते तुझ्या हातात हाय. तू सोडली की लिहिलेलं खरं होतंय.”

“आदी सोडायची आसती, मग लिवायचं आसतंय, भाऊ!”

“ती येळ गेली. आता मागनं पळत जाऊन गाठ.”

वैजनाथ मागून पळाला, पण ब्लॉग लई पुढं गेला होता. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. बार्शीहून एका बाईंनी विचारलं, कुठली औषधं घेतली? लातूरच्या एका पाळकांनी फोनवरच आभाराची प्रार्थना केली. ती ऐकताना वैजनाथच्या गालात तंबाखू होती, त्यामुळं त्याला ‘आमेन’ नीट म्हणता आलं नाही. पलीकडच्या पाळकांना वाटलं, गडी गहिवरला.

मग तो फोन आला. विरुपाक्षसाहेबांचा आवाज मऊ झाला होता.

“वैजनाथराव, फार आनंद झाला. या रविवारी आमच्या मंडळीत साक्ष द्या. लग्नाचंही तिथंच बोलून घेऊ.”

वैजनाथनं फोन ठेवला आणि तो बब्रुवानरावांच्या ओट्यावर येऊन बसला. पाहुण्यासमोर पोह्यांच्या बशीआडून खोटं बोलणं वेगळं. साक्ष म्हणजे सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. तिथं खोटं बोलायची वैजनाथची छाती नव्हती.

“भाऊ, तुमीच सोडवा आता.”

“सोडवतो,” बब्रुवानराव म्हणाले, आणि आठवडाभर त्याच्या टेंपोत शेजारी बसले. टेंपो धान्य भरायला मोंढ्यात गेला की तेही मोंढ्यात. वैजनाथ पोती मोजत उभा राहिला की तेही उन्हात उभे. बडीशेप झाली, लवंग झाली, भाजलेले फुटाणे झाले. वैजनाथ सगळं खात होता आणि तरी त्याच्या गालाला अधूनमधून फुगवटा येत होता. शेवटी बब्रुवानरावांनी टेंपोतल्या पाने-स्क्रू ड्रायव्हरांच्या पेटीत हात घातला. खाली पुडी सापडली.

“ही काय?”

“ती व्हय? गंज लागू नये म्हणून ठिवलीय.”

“आन् ही चुन्याची डबी?”

वैजनाथनं टेंपो चालू केला.

रविवारी टेंपो परंड्याला निघाला. पुढं वैजनाथ आणि बब्रुवानराव, मागं सतरंजीवर दैवशालाबाई आणि अक्षदा. चर्चच्या फाटकाशी वैजनाथ म्हणाला, “तुमी व्हा म्होरं, म्या जरा टायर बगून येतो.” टायर बघून यायला त्याला पहिलं गीत संपेपर्यंत वेळ लागला.

साक्षीची वेळ आली. वैजनाथ पुढं गेला, तेव्हा बब्रुवानरावही त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. धीर द्यायला. वैजनाथनं पहिल्या रांगेतल्या विरुपाक्षसाहेबांकडं बघितलं, मग अक्षदाकडं. पोरगी ओढणीचं टोक पिळत होती.

“सर्वास्नी सलाम,” तो म्हणाला. “म्या तंबाखू सोडल्याली न्हाय.”

दैवशालाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“सोडायची म्हणून लई तडफडलो. जमलं न्हाय. आत्ताच फाटकाभाईर थुकून आलोय. विरुपाक्षसाहेबांस्नी बी खोटं बोललो. चूक माझी हाय, माझ्या पोरीची न्हाय. तिला माझ्या पुडीत बांधू नका. माझ्यासाठी प्रार्थना करा, दुसरं काय न्हाय.”

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. परंड्याचे पाळक मात्र मुरलेले होते. ते उठून म्हणाले, “भावानं खरं सांगितलं. याच बंधनात आणखी कोण असेल, त्यानंही पुढं यावं. सगळ्यांसाठी मिळून प्रार्थना करू.”

आधी एक म्हातारा उठला. मग ढोलकी वाजवणारा. मग शेवटच्या रांगेतले तिघेचौघे एकमेकांना ढकलत आले. आणि मग पहिल्या रांगेतून, कोटाची बटणं लावत, विरुपाक्षसाहेब उठले. त्यांच्या बायकोनं अजिबात आश्चर्य न दाखवता त्यांना वाट द्यायला गुडघे बाजूला घेतले.

ते येऊन वैजनाथच्या शेजारी गुडघे टेकून बसले. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना सुरू केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. बब्रुवानरावांचे तेवढे उघडे होते.

“कुठली खाता?” विरुपाक्षसाहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

“पानाची,” वैजनाथ म्हणाला. “मोंढ्याजवळनं घेतो.”

“इथं लई कोरडी मिळती. लग्नाला येताना आणा थोडी.”

“कुणाच्या लग्नाला?”

“आता कुणाच्या? पोरांच्या.”

वैजनाथचे खांदे हुंदक्यानं हलले. आजूबाजूच्यांना वाटलं, पश्चात्ताप झाला.

थोड्या वेळानं विरुपाक्षसाहेबांनी पुन्हा विचारलं, “मागं उभे आहेत ते ब्लॉगवाले का?”

“व्हय.”

“त्यांना म्हणावं, प्रार्थना चालू आहे. डोळे मिटा.”

बब्रुवानरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्या आठवड्याच्या ब्लॉगवर एकाही माणसाचं नाव नव्हतं, परंड्याच्या चर्चमधल्या पंख्यांची मात्र सविस्तर माहिती आली.